ती पहाट खरी होती का?

वाचकाचं पत्र

जय ख्रिस्त. मी ३६ वर्षांचा, राहणार नागपूर, सदरजवळ. औषध कंपनीत एमआर (वैद्यकीय प्रतिनिधी) आहे; वर्धा, भंडारा, गोंदिया असा टूर असतो. आमचं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर. बाप्तिस्मा लहानपणीच झाला, पुढे दृढीकरणही (मोठेपणी विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी) झालं, पण नंतर मंडळीत (चर्चमध्ये) जाणं ख्रिसमस-ईस्टरपुरतंच उरलं. यंदा ईस्टरच्या पहाटे कब्रस्तानातल्या उपासनेत योहान २१ वाचला गेला, उठलेला येशू पेत्राला प्रश्न विचारतो तो अध्याय. 'तू माझ्यावर प्रीती करतोस काय?' हे मलाच विचारलं जातंय असं वाटलं. येशू जिवंत आहे, इथे आहे, हे त्या क्षणी कळलं. खूप रडलो. पुढे महिनाभर राग आला नाही, पहाटे उठून वचन वाचायचो, प्रवासाची खोटी बिलं भरणं बंद केलं. तीन वर्षं महिन्याला दोन-अडीच हजारांची जास्तीची बिलं लावत होतो. आता जुलै उजाडला. प्रार्थनेला बसलो की कोरडं वाटतं. गेल्या आठवड्यात रागाने जेवणाचं ताट भिरकावलं. बायको म्हणाली, 'संपला वाटतं तुमचा ईस्टर.' वडिलांच्या घरावरून सख्ख्या भावाशी चार वर्षं बोलणं नाही. कॉटेज मीटिंगमधले (घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनासभेतले) म्हणतात साक्ष दे, म्हणजे हा अनुभव सगळ्यांसमोर सांग. एक जण म्हणतो नोकरी सोड आणि सेवेत, मंडळीच्या पूर्णवेळ कामात ये. ती भेट खरी होती का? खरी असेल तर मी बदललो का नाही?

उत्तर

प्रिय भाऊ, जय ख्रिस्त.

तुमच्या पत्रात आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो ते बिलांच्या वाक्यापाशी. कोणी पकडलं नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं, तरी तुम्ही खोटे किलोमीटर लिहिणं थांबवलंत, आणि ते अजूनही थांबलेलंच आहे. रडू येऊन गेलं की माणूस सहसा आठवड्याभरात जुन्या हिशोबावर येतो. तुमच्या बाबतीत दर महिन्याच्या मिळकतीतून दोन-अडीच हजार कमी होत आहेत आणि तुम्ही ते सोसता आहात. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला आमचं उत्तर सरळ आहे: ती भेट खोटी होती असं म्हणायला आम्हाला काही कारण दिसत नाही. दुसऱ्या प्रश्नावर मात्र थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण बदल कुठे शोधायचा याची तुमची जागा चुकते आहे.

नवा करार उघडून एक गोष्ट तपासून पाहा. मरणातून उठलेला प्रभू ज्यांना भेटला, त्यांतल्या पुष्कळांना त्याने कोणाकडे तरी धाडलं. मग्दालीया मरीयेने त्याला ओळखल्यावर तो तिला म्हणाला, मला धरून बसू नकोस, माझ्या भावांकडे जा. अम्माऊसच्या वाटेवरच्या दोघांनी त्याला भाकर मोडताना ओळखलं आणि त्याच क्षणी तो दिसेनासा झाला. दिवस कलला होता, तरी ते दोघं त्याच घटकेला उठून सुमारे ११ किलोमीटर चालत यरुशलेमेला परत गेले. पेत्राला त्याने मेंढरं सोपवली. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) रस्त्यावर शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, तर पुढचं सगळं सांगितलंसुद्धा नाही: ऊठ, नगरात जा, तुला काय करायचं ते तिथे सांगण्यात येईल. भेट थोडक्या वेळाची असते आणि तिच्या पाठोपाठ निघायचं असतं.

तुम्हाला कोणाकडे धाडलं आहे हे शोधायला उपास-प्रार्थनेला बसण्याची गरज नाही. तुमच्याच पत्रात ती तीन नावं आली आहेत: तुमची बायको, तुमचा भाऊ आणि ज्या कंपनीचे पैसे तुमच्याकडे आहेत ती कंपनी. यातल्या एकाकडेही तुम्ही अजून पोहोचलेला नाही. तुमच्या कोरडेपणाचं मोठं कारण तिथे आहे असं आम्हाला वाटतं.

पण सगळंच कारण तिथे नाही, तेव्हा कोरडेपणाबद्दल आधी बोलू. प्रेषितांची कृत्ये १:३ म्हणतं की उठल्यानंतर येशू ४० दिवस शिष्यांना दिसत राहिला. या ४० दिवसांत नोंदलेल्या भेटी मोजल्या तर हाताच्या बोटांवर मावतात. ईस्टरच्या संध्याकाळी दार बंद असलेल्या खोलीत तो आला. थोमा हा शिष्य तिथे नव्हता. पुन्हा आला तो आठ दिवसांनी. मधले दिवस शिष्यांनी त्याच शहरात, त्याच भीतीत, काहीही न दिसता काढले. प्रभू त्यांना हळूहळू डोळ्यांच्या आधाराशिवाय चालायला शिकवत होता, कारण पुढचं सगळं आयुष्य त्यांना तसंच काढायचं होतं. थोमाला तो हेच म्हणाला की पाहिल्यावाचून विश्वास ठेवणारे ते धन्य. विदर्भात राहून संत्र्याची बाग तुम्ही पाहिली असेलच: बहार धरायचा तर आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो, सतत पाणी मिळालेलं झाड नुसती पालवी काढत बसतं. प्रार्थनेत कोरडं वाटतं तेव्हा ती पहाट पुन्हा आणण्याच्या मागे लागू नका. तेच गीत पुन्हा लावून, दिवे मालवून, तसंच रडू यावं म्हणून धडपडणारे पुष्कळ असतात; त्यांच्या हाती थकवा येतो आणि मग पहिल्या भेटीबद्दलही संशय येऊ लागतो.

आणखी एक स्पष्ट करायला हवं. प्रेषितांना जी भेट झाली ती आणि आपली भेट एकाच प्रतीची आहे असं मंडळी शिकवत नाही. १ करिंथ १५ मध्ये उठलेला ख्रिस्त कोणाकोणाला दिसला याची पौल यादी देतो: केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, एकाच वेळी पाचशेपेक्षा अधिक बंधू, याकोब, सर्व प्रेषित, आणि 'सर्वांच्या शेवटी' मी. ती यादी तिथे बंद होते. आपल्याला तोच प्रभू पवित्र आत्म्याच्या द्वारे, वचनातून, प्रभुभोजनाच्या (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या) मेजावर आणि मंडळीतल्या माणसांमधून भेटतो. कब्रस्तानात तुम्हाला वचन वाचलं जात असताना तो भेटला, हे चांगलं लक्षण आहे. तुमच्या अनुभवाला धरायला एक लिखित अध्याय आहे. उद्या मन कितीही डळमळलं तरी योहान २१ जागचा हलणार नाही.

त्याच अध्यायात तुमच्या ताटाच्या प्रसंगाचंही उत्तर आहे. प्रभूने पेत्राला प्रश्न विचारले ते कोळशाच्या विस्तवाशेजारी. पेत्राने त्याला नाकारलं होतं तेही प्रमुख याजकाच्या अंगणात, कोळशाच्या विस्तवाशेजारीच (योहान १८:१८). तीनदा नाकारलं, तीनदा विचारलं गेलं. म्हणजे प्रभू आपल्याला जुन्या जखमेला वळसा घालून पुढे नेत नाही, तिच्यापाशी आणून उभं करतो. पण त्याआधी भाकर आणि मासळी खाऊ घालतो. आणि एवढं होऊनही पेत्र पुन्हा घसरलाच. गलती २ वाचा. अंत्युखियात तो परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीला बसत असे. यरुशलेमेहून माणसं आल्यावर घाबरून बाजूला झाला, आणि पौलाला सगळ्यांसमोर त्याचा दोष दाखवावा लागला. उठलेल्या ख्रिस्ताला ज्याने प्रत्यक्ष पाहिलं, त्याचा जुना भित्रेपणा पुन्हा वर आला. म्हणून पेत्राची भेट खोटी ठरली नाही. पण कोणीतरी त्याला तोंडावर बोललं, हेही विसरू नका. तुमच्या घरी ते काम तुमच्या बायकोने केलं. तिचं वाक्य तुम्हाला लागलं असेल. ते प्रभूकडून आलेलं समजून घ्या.

आता कामाचं बोलू, आणि घरापासून सुरू करू.

ताट भिरकावणं म्हणजे हात उगारला नाही म्हणून सोडून देण्याची बाब नव्हे. समोरच्याच्या मनात त्या क्षणी भीती बसते आणि ती रात्रीत जात नाही. बायकोची माफी मागा, पण नीट. चांगल्या माफीत तीन भाग असतात: मी काय केलं, त्याने तुझं काय झालं, आणि पुढच्या वेळी मी काय करणार. 'पण' हा शब्द त्यात येऊ देऊ नका. 'मी ताट फेकलं, पण तूही बोललीस' हे वाक्य माफीचं राहत नाही, आरोपाचं होतं. तिने लगेच माफ करावं अशी अपेक्षा धरू नका, आणि तिच्या तोंडावर क्षमेची वचनं तर अजिबात म्हणून दाखवू नका. क्षमेची वचनं दुखावणाऱ्याने दुखावलेल्याला ऐकवायची नसतात.

मग राग नेमका केव्हा येतो ते पाहा. एमआरच्या कामात महिन्याचे शेवटचे पाच-सहा दिवस क्लोजिंगचे, टार्गेटचा ताण, गोंदियाहून परतायला रात्रीचे नऊ-दहा, पोटात दुपारपासून चहाच. अशा अवस्थेत कोणाचाही तोल जाईल. त्यावर उपाय साधे आहेत: संध्याकाळी सहा-सातला काहीतरी पोटात जाऊ द्या, घरी आल्यावर पहिली पंधरा मिनिटं हातपाय धुऊन शांत बसा, आणि पैशाचा किंवा नातेवाइकांचा विषय रात्री जेवताना काढू नका. हे बायकोला आधीच सांगून ठरवा, म्हणजे तुमचं गप्प बसणं तिला रुसवा वाटणार नाही. राग चढतोय असं जाणवलं की खोलीतून बाहेर जा, पण 'वीस मिनिटांत येतो' असं सांगून जा आणि खरोखर या.

आठवड्यातून एकदा, शनिवारी जेवणानंतर म्हणा, दहा मिनिटं तिला एकच प्रश्न विचारा: या आठवड्यात मी तुला कुठे दुखावलं? तिने सांगितलं की खुलासा करायचा नाही. 'बरं, लक्षात ठेवतो' एवढंच म्हणायचं. पहिले दोन-तीन शनिवार ती काहीच सांगणार नाही, कारण सांगितलं तर काय होईल याची तिला खात्री नसेल. विचारत राहा. तिला सांगायचं नसेल तर आग्रह करू नका. तुमच्या रागावर पहारा ठेवणं हे तिचं काम नाही. आणि हे तिलाही वाचायला द्या: पुन्हा वस्तू फेकली गेली किंवा हात उगारला गेला, तर तिने घरात थांबून सोसावं असं पवित्र शास्त्र सांगत नाही. तिने माहेरी जावं, पास्टरसाहेबांना कळवावं, गरज वाटली तर महिलांसाठीच्या १८१ या क्रमांकावर फोन करावा. याकोबाच्या पत्रात लिहिलं आहे की माणसाच्या रागाने देवाचं नीतिमत्त्व घडत नाही (१:२०). परंपरेप्रमाणे हा याकोब म्हणजे येशूचा भाऊ. त्याच्याकडे पुढे येऊच.

बिलांचं काम सगळ्यात अवघड आहे आणि ते घाईत बिघडतं, म्हणून क्रम सांभाळा.

पवित्र शास्त्र या बाबतीत मोघम बोलत नाही. लेवीय ६:५ सांगतं की जे अन्यायाने घेतलं ते पुरतं परत करावं आणि त्यात पाचवा हिस्सा भर घालावी. येशूला भेटल्यावर जक्कय या जकातदाराने तर चौपट देण्याचं कबूल केलं. इफिस ४:२८ मध्ये चोरी करणाऱ्याला तीन गोष्टी सांगितल्या आहेत: पुन्हा करू नये, कष्ट करावेत, आणि गरजवंताला देता येईल इतकं हाताशी ठेवावं. यातली पहिली तुम्ही केलीत.

हिशोब असा मांडा. दोन आणि अडीच हजार यांत संशय असेल तिथे मोठा आकडा धरा. अडीच हजार गुणिले ३६ महिने म्हणजे ९०,००० रुपये. पाचवा हिस्सा १८,०००. एकूण १,०८,०००. जुन्या टूर डायऱ्या असतील तर महिनावार जुळवून पाहा. आकडा बदलला तर बदलू द्या, पण आपल्या सोयीचा करून घेऊ नका.

त्यानंतर सगळ्यात आधी बायकोला सांगा. हे पैसे घरातून जाणार आहेत आणि तिला ते तिसऱ्याकडून कळणं म्हणजे दुसरी फसवणूक. मग पास्टरसाहेबांना किंवा मंडळीतल्या एखाद्या तोंड बंद ठेवणाऱ्या वडील माणसाला सांगा. मग वकिलाला भेटा. ही पायरी गाळू नका: खोट्या बिलांची लेखी कबुली दिली तर नोकरी जाऊ शकते, कंपनी तक्रारही करू शकते. वकील तुम्हाला बोलू नका असं सांगायला नकोय. कसं बोलावं, काय लिहावं आणि पैसे कोणत्या मार्गाने परत करावेत हे सांगायला हवा आहे. परिणाम समजून घेऊन कबूल करणं आणि भरात येऊन मेल पाठवून देणं यांत फरक आहे. भरात पाठवलेल्या मेलचा भार नंतर बायको-मुलांवर पडतो आणि मग माणूस प्रभूलाच बोल लावतो.

कंपनीशी बोलताना फक्त स्वतःचं सांगा. टीममधला आणखी कोण काय करतो हे तुमच्या कबुलीत येता कामा नये. हप्त्यांची मुभा मागायला लाज वाटू देऊ नका. महिन्याला ९,००० प्रमाणे बारा महिन्यांत ही रक्कम फिटते. कंपनी घ्यायलाच तयार नसेल, तर गणना ५:८ मध्ये त्याचाही विचार आहे: घेणारा कोणी नसेल तर ते देवाच्या कामाकडे जावं. पण हा शेवटचा मार्ग. आधीच ती रक्कम पाकिटात घालून दानपेटीत टाकली आणि मन मोकळं झालं, असं करू नका. ज्याचे पैसे होते त्याला ते मिळालेच नाहीत, आणि मंडळीला नकळत त्यात ओढल्यासारखं होतं. आम्हाला माहीत आहे की हे वाचून पोटात गोळा येईल. एका बैठकीत सगळं करायचं नाही. पण तारखा ठरवा, नाहीतर हे पुढच्या ईस्टरपर्यंत लांबेल.

भावाचं प्रकरण वेगळं आहे, कारण तिथे चूक कोणाची हे तुमच्या पत्रावरून आम्हाला ठरवता येत नाही, आणि तुम्हालाही ठरवायची गरज नाही. मत्तय ५:२३-२४ मध्ये प्रभू म्हणतो, वेदीपाशी अर्पण आणलं असताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. 'त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध' असं म्हटलं आहे. दोष कोणाचा हे विचारलेलं नाही.

याकोबाचं इथे स्मरण करा. योहान ७:५ सांगतं की येशूचे भाऊसुद्धा त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते. मग १ करिंथ १५:७ मध्ये एका ओळीत येतं की तो याकोबाला दिसला. आणि प्रेषितांची कृत्ये १:१४ मध्ये येशूचे भाऊ आईबरोबर माडीवर प्रार्थना करताना दिसतात. पुढे याकोब यरुशलेमेच्या मंडळीचा आधार झाला. उठल्यानंतर ज्या थोड्यांना प्रभूने स्वतंत्रपणे गाठलं, त्यांत न मानणारा घरचाच भाऊ होता. घरातल्या तुटलेल्या नात्याकडे प्रभू कसा पाहतो हे यातून कळतं.

तुम्ही करायचं ते इतकंच: फोन करून वेळ विचारा, एकटे जा, वीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. चार वर्षांपूर्वी तुम्ही तोंडातून काय काढलं होतं तेवढ्याचीच माफी मागा. 'प्रभूने मला सांगितलं म्हणून आलो' असं सुरू करू नका. त्याला वाटेल की आता हा मोठा पवित्र होऊन आलाय. घराच्या वाटणीचा विषय त्या दिवशी काढायचा नाही, त्याने काढला तरी 'त्यासाठी वेगळं बसू' म्हणायचं. आणि भावनेच्या भरात कुठल्याही कागदावर सही करू नका. हक्कसोडपत्र हे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवावं लागतं आणि नोंदल्यावर सहज फिरवता येत नाही. त्यागाची इच्छा असेल तरी ती दोन महिन्यांनी, बायकोशी आणि वकिलाशी बोलून पूर्ण करा. त्याने दार उघडलं नाही, तर? रोम १२:१८ म्हणतं, शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सर्वांशी शांतीने राहा. 'तुमच्याकडून होईल तितकं' झालं की तुम्ही मोकळे. नाताळला पुन्हा एकदा फोन करा.

रोजच्या प्रार्थनेसाठी वीस मिनिटं पुरेत, पण मोबाइल हातात घेण्याआधीची. व्हॉट्सॲपवर आलेलं आजचं वचन वाचणं म्हणजे शास्त्र वाचणं नव्हे. बारा मिनिटं वाचन, पाच मिनिटं शांत, तीन मिनिटं वहीत दोन ओळी. एक अध्याय पूर्ण आठवडाभर वाचायचा, रोज तोच. पहिला आठवडा योहान २०, मग योहान २१, लूक २४, प्रेषितांची कृत्ये ९, १ करिंथ १५, इफिस ४, कलस्सै ३. ईस्टरपासून पन्नासाव्या दिवसाच्या सणापर्यंत जितके आठवडे असतात तितकेच, म्हणजे सात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कंटाळा येईल; अध्याय आपल्याला वाचू लागतो तो बहुधा त्यानंतर. टूरवर एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट भरपाई करू नका, जिथे होता तिथून पुढे चला. भरपाईच्या नादात माणूस चार दिवसांत सगळंच सोडतो. वहीत 'आज कसं वाटलं' लिहू नका. 'आज कोणाकडे जायचं' ते लिहा. आणि प्रभुभोजनाचा रविवार चुकवू नका, मन कोरडं असेल तेव्हा तर मुळीच नाही. अम्माऊसच्या त्या दोघांना वाटेत वचन ऐकताना आतून ऊब जाणवत होती, पण डोळे उघडले ते मेजावर.

एक काळजीची गोष्ट. ईस्टरनंतर किंवा आता, अनेक दिवस दोन-तीन तासच झोप आणि तरी थकवा नाही, डोक्यात विचारांची शर्यत, बेसुमार पैसे उडवणं, आवाज ऐकू येणं, किंवा उलट जगणं नकोसं वाटणं, असं काही होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. मेडिकलच्या (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) मानसोपचार विभागात जाता येईल, किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर कधीही बोलता येईल. औषध घेण्याने विश्वास कमी होत नाही. तुमच्या पत्रात असं काही नाही, पण तुमचं पत्र वाचणारे इतरही आहेत.

साक्षीबद्दल. कॉटेज मीटिंगमधल्या मंडळींचा हेतू चांगला आहे, पण आत्ता थांबा. पुनरुत्थानाची आपल्याकडची सगळ्यात जुनी लिखित साक्ष बहुधा पौलाचीच, इ. स. ५५च्या सुमाराची, आणि १ करिंथ १५ मधल्या त्या यादीत त्याने स्वतःच्या भेटीला किती जागा दिली ते बघा: सर्वांच्या शेवटी मलाही दिसला, एवढंच. बाकीची जागा ख्रिस्ताच्या मरणाला, पुरण्याला, उठण्याला आणि इतरांना दिसण्याला. ज्या दिवशी साक्ष द्याल त्या दिवशी तीन मिनिटांत द्या. बिलांची गोष्ट कंपनीकडे मिटल्याशिवाय माइकवर आणू नका. भावाची तर कधीच नको, ती त्याचीही गोष्ट आहे. नाहीतर होतं असं की साक्ष ऐकून लोक 'आमेन' म्हणतात, आपल्याला मोठं वाटतं, आणि दर वेळी सांगताना गोष्ट थोडी थोडी रंगत जाते.

नोकरी सोडू नका. शौलाला भेट झाली आणि तो लगेच जगप्रसिद्ध प्रेषित झाला, असा आपला समज असतो. गलती १ मध्ये त्याने स्वतः क्रम दिला आहे: अरबस्तान, पुन्हा दिमिष्क, तीन वर्षांनी यरुशलेम, तेही केफाकडे फक्त १५ दिवस, मग आपल्या तार्स गावाकडच्या प्रदेशात, जिथून पुढे बर्णबा या सहकाऱ्याने त्याला शोधून आणलं. आणि करिंथात अक्विला-प्रिस्किल्ला या जोडप्याकडे राहताना तो तंबू शिवून पोट भरत होता. आपल्या मराठी मंडळीतही हेच दिसतं. नारायण वामन टिळकांना नवा करार मिळाला तो नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या गाडीत. बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्या वाटेवर यायला त्यानंतरही काही वर्षं लागली. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३चा. पण ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त स्वतः मला नंतर, आठेक वर्षांनी सापडला, असं त्यांनीच सांगून ठेवलं आहे. आणि तो सापडल्यावर त्या कुठे गेल्या? १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात, म्हणजे तुमच्या-आमच्या याच मुलखाकडे, उपासमारीत सापडलेल्या मुलींना वाचवायला. दृढीकरणानंतर इतक्या वर्षांनी तुमचे डोळे उघडले म्हणून लाजू नका. सेवेचं म्हणाल तर हप्ते फिटेपर्यंत, आणि बायको मोकळेपणाने 'हो' म्हणेपर्यंत, तुमची सेवा हीच की भंडाऱ्याच्या टूरचं बिल भंडाऱ्याचंच लागावं. त्या बंधूने पुन्हा विचारलं तर त्याला योहान २१:२२ दाखवा: पेत्राने दुसऱ्या शिष्याकडे बोट दाखवून 'याचं काय?' विचारलं, तेव्हा प्रभू म्हणाला, तुला त्याचं काय, तू माझ्यामागे ये.

या शनिवारी बायकोशी बोला, आधी ताटाबद्दल, मग पैशांबद्दल. दोन्ही एकाच रात्री जड वाटले तर पैशांचं रविवारी दुपारी. तिच्याशी बोलून झाल्यावर पुढच्या रविवारी उपासना संपली की दारात गर्दी असताना पास्टरसाहेबांना काही सांगू नका, फक्त आठवड्यातली एक संध्याकाळ मागून घ्या. जाताना महिनावार आकडे लिहिलेला कागद सोबत न्या. ओळखीतला वकील त्यांनाच विचारा. भावाला फोन कंपनीचं बोलणं मार्गी लागण्याची वाट न पाहता करा. त्या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत.